बोटं कीबोर्डवर, कान गाण्यावर : वाचकांचे प्रश्न

घरातल्या रेकॉर्डिंगवर मागच्या अंकात लिहिलं त्यानंतर बरीच पत्रं आली, आणि त्यातली निम्मी फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होती, ती म्हणजे सॉफ्टवेअरमधले शॉर्टकट, म्हणजे माउसने मेनूत न जाता कीबोर्डच्या बटणाने काम करणं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हे चार घेतलेत.

सर, मी शाळेत शिक्षक आहे. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग घरीच करतो, रीपर या सॉफ्टवेअरवर. गाणं एका बैठकीत होतं पण नंतरच्या काटछाटीत तीन-चार रात्री जातात. भाच्याने शॉर्टकटची लांबलचक यादी पाठवली, मी प्रिंट काढून भिंतीला लावली, वीसेक पाठ केले, पुढच्या रविवारी तीन आठवत होते. वय ४३ आहे, आता हे हाताला बसेल का? (एक वाचक, विटा)

सर, नक्की बसेल, वयाचं मनातून काढून टाका. पण ती यादी आधी भिंतीवरून काढा, कारण ती यादी तुमच्या कामाची नाहीये, ती सॉफ्टवेअरची आहे. त्यात जे लिहिलंय त्यातलं बहुतेक तुम्हाला जन्मात लागणार नाही आणि जे रोज लागतं ते त्या गर्दीत हरवतं.

त्यापेक्षा असं करा. एका संध्याकाळी नेहमीसारखंच काम करा, माउसनेच, फक्त शेजारी एक कागद ठेवा आणि दर वेळी मेनूत गेलात की त्या कामापुढे एक रेघ मारा. दोन तासांनी बघा, रेघा पाच-सहा कामांपुढेच जमलेल्या असतील. तुमच्या बाबतीत मी आधीच सांगतो कुठली ती: चालू-बंद, कापणे, काढून टाकणे, झूम, पुढचा टेक (त्याच ओळीचं दुसऱ्यांदा केलेलं रेकॉर्डिंग) ऐकणे, आणि चुकलं की मागे येणे. रीपरमध्ये स्पेसबारने वाजतं आणि थांबतं, एस ने कापलं जातं, डिलीटने तुकडा जातो, माउसचं चाक फिरवलं की झूम होतं, टी ने एकाच तुकड्यातला पुढचा टेक येतो, कंट्रोल झेडने मागे. एवढंच. यातले तीन या आठवड्यात, बाकीचे पुढच्या.

आणि शिकायचं कसं, तर तुमच्या मंडळातले पेटीवाले शिकले तसंच. ते पट्ट्यांकडे बघत नाहीत ना वाजवताना? सुरुवातीला त्यांनीही सारेग रेगम अलंकार ठाय लयीत घोटलेत, मग दुगुन, मग चौगुन. इथेही पहिला आठवडा तुमचं काम आधीपेक्षा हळू होणार हे धरूनच चाला. ठरवलेल्या तीन कामांसाठी मेनू बंद म्हणजे बंद, आठवलं नाही तर स्क्रीनखाली चिकटवलेली चिठ्ठी बघा पण माउस तिकडे नेऊ नका. याच ठिकाणी बहुतेकजण सोडून देतात, कारण माउसने लवकर होतंय असं वाटतं, आणि त्या आठवड्यापुरतं ते खरंही असतं.

शाळेत कुणी टायपिंगची परीक्षा दिलेले क्लार्क असतील तर त्यांच्या डाव्या हाताकडे बघा. एफ च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तर्जनी तिथे ठेवली की मधलं बोट डी वर आणि अनामिका आपोआप एस वर येते, अंगठा स्पेसबारवर, करंगळी खाली कंट्रोलला. म्हणजे ऐकणं, कापणं, मागे येणं हे तिन्ही न बघता एका जागी. उजवा हात माउसवरच राहू दे, त्याला कीबोर्डवर आणायची गरज नाही.

हे सगळं मी वेळ वाचावा म्हणून सांगत नाहीये, वेळ वाचतोच, पण माझं म्हणणं वेगळं आहे. मेनू उघडला की आपण वाचायला लागतो, आणि वाचताना माणूस ऐकत नाही. अभंगाच्या दोन चरणांमध्ये गायक श्वास घेतो तो तुम्हाला मोठा वाटला, तुम्ही थांबवलं, राइट क्लिक केलं, यादीतून स्प्लिट, म्हणजे कापणे, शोधलं, परत दुसऱ्या टोकाला तेच केलं, तोवर तो श्वास खरंच खटकत होता की चालला असता हे कान विसरून गेलेला असतो. मग आपण डोळ्यांनी काटछाट करायला लागतो, स्क्रीनवरच्या आवाजाच्या लाटेचा आकार बघून, आणि सगळे श्वास सरसकट काढून टाकतो, आणि असं भजन ऐकायला फार कोरडं लागतं. श्वास काढू नका सर, कमी करा. श्वासाच्या भागावर सिलेक्शन मारा, शिफ्ट एस दाबा, तेवढाच तुकडा दोन्ही बाजूंनी सुटा होतो, मग फक्त त्याचा आवाज पाच-सहा डीबी (डेसिबल) खाली घ्या.

आता हे रोजचंच असेल तर रीपर तुम्हाला दोन्ही कामं एका बटणावर बांधू देतं. प्रश्नचिन्हाचं बटण दाबलं की ॲक्शनची, म्हणजे रीपर करू शकतं त्या कामांची यादी उघडते, तिथे नवीन कस्टम ॲक्शन करा, त्यात सिलेक्शनवर कापायची ॲक्शन टाका, त्याखाली तुकड्याचा आवाज एक डीबीने कमी करणारी ॲक्शन सहा वेळा टाका, आणि तुम्हाला सोयीचं एखादं मोकळं बटण द्या. अर्धा तास लागेल पण पुढच्या प्रत्येक अभंगाला कामी येईल. त्याच खिडकीत की मॅप, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं काम याची यादी, एक्स्पोर्ट करायची सोय आहे, ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, लॅपटॉप बदलला तरी तुमची बटणं तुमच्याबरोबर येतात.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो, कारण मी ती किंमत मोजलीये. रीपरमध्ये कुठलाच तुकडा निवडलेला नसताना एस दाबला तर कर्सरच्या उभ्या रेषेखाली जे जे येतं ते सगळं कापलं जातं, सगळ्या ट्रॅकवर. एका गाण्याला माझे चौदा ट्रॅक होते, गायिका बूथमध्ये उभी होती, मी तिच्याशी बोलताना हात एस वर पडला आणि मला कळलंच नाही. नंतर तिच्या ओळीची जागा थोडी पुढे सरकवली तर एका कडव्यात तबला आणि बासरी जागेवर आणि गाण्याचा अर्धाच भाग सरकलेला. रात्री उशिरा ते लक्षात आलं आणि तोवर वरती बरंच काम झालेलं होतं. तेव्हापासून आधी तुकड्यावर क्लिक, मग एस, ही सवयच लावून घेतली. आणि कंट्रोल ऑल्ट झेड दाबलं की मागच्या सगळ्या कामाची यादी दिसते, काय कधी झालं ते तिथे सापडतं, हे बटण आठवड्यात कधीतरीच लागलं तरी लक्षात ठेवा.

दादा, मी सेकंड इयरला आहे, एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर ढोल-ताशाचे बीट बनवतो. शॉर्टकट दाबला की काम व्हायच्या ऐवजी सूर वाजतात, आणि एफ पाच दाबलं की स्क्रीनचा उजेड नाहीतर आवाज बदलतो. कीबोर्ड खराब झालाय का? (एक वाचक, नांदेड)

कीबोर्ड एकदम ठीक आहे तुझा. एफएलमध्ये कॉम्प्युटरचा कीबोर्ड पियानोसारखा वाजवायची सोय असते आणि ती तुझ्याकडे चालू राहिलीये, त्यामुळे अक्षरं सुरांकडे जातायत. कंट्रोल टी दाबलं की ती बंद होते, परत दाबलं की चालू. चाल सुचवताना चालू ठेव, मांडणी करताना बंद, ही अदलाबदल दिवसात पन्नास वेळा होते म्हणून सगळ्यात आधी हेच एक बटण शीक.

एफ पाचचं लॅपटॉपमुळे होतंय. एफएन दाबून धरून एफ पाच दाब, आणि कायमचं हवं असेल तर बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ते लॉक होतं, नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, ते सेटिंग असतं. हे करूनच घे, कारण एफएलचं सगळं घर त्या वरच्या ओळीत आहे: एफ पाच प्लेलिस्ट, एफ सहा चॅनल रॅक, एफ सात पियानो रोल, एफ नऊ मिक्सर. हे चार बसले की खिडक्या शोधत बसायचं संपतं.

अजून एक, गाण्याचे शब्द मराठीत टाइप करत असशील तर विंडोजचा कीबोर्ड मराठीवरच राहिलेला असू शकतो, त्यानेही एकअक्षरी शॉर्टकट गंडू शकतात. विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर आण आणि मग बघ.

आता ढोलाबद्दल, तू विचारलं नाहीस तरी सांगतो. कंट्रोल बी ने निवडलेला भाग पुढे तसाच्या तसा उमटतो आणि ते इतकं सोपं आहे की सगळे तेच करतात, एक ठेका बनवायचा आणि सोळा वेळा दाबायचं. पण पथक समोरून जाताना ऐकलंयस ना तू, तिथे एकाच ठोक्यावर कितीतरी हात पडतात आणि कुठलेच दोन ठोके एकसारखे नसतात, कुणाचा हात थकलेला, कुणाला आत्ताच जोर आलेला. तेव्हा कंट्रोल बी दाबून झालं की पियानो रोलमध्ये ऑल्ट आर दाबून जी खिडकी येते तिथे ठोक्यांचा जोर थोडासा, अगदी थोडासा वरखाली कर, आणि मग स्पीकरवर ऐक, हेडफोनवर नको.

मी दोन वर्षं एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरवर काम करतेय, सगळे शॉर्टकट हातात बसलेत. आता डबिंग स्टुडिओत असिस्टंट म्हणून घेतलंय आणि तिथे सगळं प्रो टूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर. हात सारखे चुकतात आणि समोर सीनियर बसलेले असतात. परत पहिल्यापासून शिकायचं का? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, पहिल्यापासून नाही, पण बटणांच्या बाबतीत हो. कंट्रोल टी चंच घ्या, एबलटनमध्ये त्याने नवा ऑडिओ ट्रॅक येतो, वर नांदेडच्या वाचकाला सांगितलं तसं एफएलमध्ये त्याने पियानो चालू-बंद होतो, आणि लॉजिक या मॅकवरच्या सॉफ्टवेअरमध्ये कमांड टी ने चक्क तुकडा कापला जातो. नुसत्या एस ने रीपरमध्ये कापलं जातं आणि लॉजिकमध्ये ट्रॅक सोलो होतो, म्हणजे तो एकटाच ऐकू येतो. त्यामुळे हात चुकतायत यात तुमचं काही कमी पडत नाहीये.

तुम्हाला काम माहितीये, नाव बदललंय एवढंच. एबलटनमध्ये कंट्रोल ई ने स्प्लिट करत होतात, प्रो टूल्समध्ये त्याला सेपरेट म्हणतात आणि बटण सुदैवाने तेच, मॅकवर कमांड ई. एका वहीत दोन रकाने करा, डावीकडे काम, उजवीकडे त्याचं इथलं नाव आणि बटण, आणि रोज स्टुडिओत जे लागलं तेवढंच त्यात घाला.

प्रो टूल्सच्या एडिट विंडोत ए ते झेड असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं, कीबोर्ड फोकसचं. ते चालू असलं की एकेका अक्षराने काम होतं, आणि ती अक्षरं बघा कशी मांडलीयत: ए ने सुरुवातीपासून कर्सरपर्यंतचा भाग कापला जातो, एस ने कर्सरनंतरचा, डी ने फेड इन (आवाज हळूहळू वर येणं), जी ने फेड आउट (हळूहळू विरणं) आणि मध्ये एफ ने फेड. डबिंगमध्ये एका संवादाची पुढची मागची शांतता छाटून दोन्ही टोकं गुळगुळीत करणं हे दिवसभराचं काम, ते अख्खं डाव्या हाताच्या एका ओळीत बसतं. ज्यांनी हे बसवलं त्यांनी संपादकाचा हात जवळून पाहिलेला असणार असं मला दर वेळी वाटतं. आर आणि टी ने झूम, कमांड आणि बरोबरच्या चिन्हाने मिक्स आणि एडिट खिडक्यांची अदलाबदल.

स्टुडिओच्या मशीनवर स्वतःच्या सोयीचे शॉर्टकट लावू नका, तिथे संध्याकाळी दुसरा कुणीतरी बसतो आणि त्याचा हात चुकला तर अडचणीत येतो. घरी सरावाला प्रो टूल्स इंट्रो २०२२ पासून फुकट मिळतं, त्यात आठच ऑडिओ ट्रॅक आहेत पण संवाद छाटायला आठ पुष्कळ झाले. आणि सीनियर समोर बसलेत याची भीती वाटून घेण्यापेक्षा त्यांचा डावा हात बघत जा, एखाद दिवशी विचारा की हे आत्ता काय दाबलंत, मला तरी आजवर असं विचारल्यावर कुणी रागावलेलं आठवत नाही.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंध आहे, तबला उत्तम वाजवतो. त्याला स्वतःचं स्वतः रेकॉर्ड करायचंय, दर वेळी कुणाला तरी माउस धरायला बसवणं त्याला आवडत नाही. काही मार्ग आहे का? (एक वाचक, लातूर)

आहे, आणि चांगला आहे. विंडोजवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, भाऊ बहुतेक वापरतही असेल. त्याच्यासोबत रीपर घ्या, आणि रीपरमध्ये ओसारा नावाचं एक्स्टेन्शन (जोड) टाका, त्यामुळे रीपरमध्ये काय चाललंय ते स्क्रीन रीडर बोलून सांगतो, तेही फुकट. ओसारा ज्यांनी लिहिलं ते जेमी टे स्वतः अंध आहेत आणि एनव्हीडीए सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक आहेत, त्यामुळे हे बाहेरून कुणी दयेपोटी जोडलेलं काम नाही, वापरणाऱ्यानेच वापरणाऱ्यांसाठी केलेलं आहे. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरला आहे.

ओसारा बसवताना ते विचारतं की आमचा की मॅप लावू का, तिथे हो म्हणा. मग वर-खालच्या बाणांनी एकेका ट्रॅकवर जाता येतं आणि ट्रॅकचं नाव, तो म्यूट आहे की रेकॉर्डला तयार आहे हे ऐकू येतं. कंट्रोल आर ने रेकॉर्ड, स्पेसबारने थांबतं. रीपरमधले शब्द इंग्रजीत आहेत, सुरुवातीचे पाच-सहा दिवस शेजारी बसून अर्थ सांगावा लागला तर सांगा, पण बटण त्यालाच दाबू द्या, तुम्ही हात पुढे करू नका. डग्गा आणि तबला वेगळ्या माइकवर घेणार असाल तर दोन ट्रॅकना नावं आधीच देऊन ठेवा, नाहीतर नुसते आकडे ऐकून गोंधळ होतो.

आणि पहिल्याच दिवशी त्याला एफ बारा दाखवा. ते दाबलं की शॉर्टकट हेल्प चालू होते, मग कुठलंही बटण दाबलं तरी ते काम करत नाही, फक्त आपण काय करतो ते बोलून सांगतं. तासभर त्याला नुसतं त्या बटणांवर फिरू दे, काही बिघडायची भीती नाही, परत एफ बारा दाबलं की नेहमीसारखं. त्याचा तबल्याचा पहिला कायदा रेकॉर्ड झाला की फाइल मला पाठवा, मला ऐकायचाय.