घरचा स्टुडिओ : कर्ज काढण्याआधी खोली ऐका

मिरजेहून एका वडिलांनी लिहिलेल्या पत्राचा आशय असा : "मुलगी बी.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाणेही शिकते आणि ध्वनिमुद्रणात करिअर करायचे म्हणते. घरातल्या १० बाय १० फुटांच्या खोलीत स्टुडिओ उभारण्यासाठी एका परिचिताने १ लाख ८५ हजार रुपयांची यादी करून दिली आहे. तीत आठ इंची मॉनिटर (मुद्रण तपासून ऐकण्याचे) स्पीकर, महागडा कंडेन्सर (बारकावे टिपणारा, वीज लागणारा) माइक, आठ चॅनेलचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे उपकरण) आणि भिंतींना लावायचा फोम आहे. पत्नीचे सोने तारण ठेवून ही खरेदी करावी का?"

सप्रेम नमस्कार.

सोने तारण ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलीची निवड मला मुळीच चुकीची वाटत नाही. पदार्थविज्ञान आणि गाणे या दोन्हींची जाण असलेली व्यक्ती या क्षेत्रात सहसा मिळत नाही. परंतु ही यादी करणाऱ्याने आपली खोली एकदाही ऐकलेली नाही, हे तिच्यातल्या पहिल्याच वस्तूवरून दिसते.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. समोरासमोरच्या भिंतींत १० फुटांचे अंतर असेल, तर ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११२ हर्ट्झच्या आसपासचे स्वर त्यांच्यामध्ये अडकून घुमतात, आणि खोलीची लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे हा दोष दुणावतो. काळी चार ते काळी पाच या पट्टीत गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ ते ११७ हर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे नेमका याच भागात येतो. भिंतीलगत बसल्यास तो अंगावर येईल आणि तिथून अडीच फूट पुढे सरकल्यास दुबळा भासेल. अशा खोलीत आठ इंची स्पीकरवर ऐकून घेतलेला कोणताही निर्णय भरवशाचा ठरणार नाही, मग ते स्पीकर कितीही उत्तम असोत. यादीतला पातळ फोम केवळ वरचे स्वर शोषतो, त्यामुळे खोली कोंदट वाटू लागते आणि खर्जाचा घुमारा तसाच राहतो. त्याऐवजी चार इंच जाडीचे रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) लाकडी चौकटीत बसवून, वर सुती कापड ताणून, गावातल्या सुताराकडून चार-सहा पॅनेल करून घ्यावीत आणि ती भिंतीपासून थोडी सोडून व कोपऱ्यांत उभी करावीत. तोपर्यंत गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड रजई किंवा दोन-तीन गोधड्या टांगल्या तरी मोठा फरक पडतो, कारण कार्डिऑइड माइक समोरून येणारे सगळे उचलतो आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत त्याच्या समोरच असते.

माइकबाबतही असेच आहे. ऑडिओ-टेक्निका एटी २०२० या स्वस्त कंडेन्सर माइकची स्वतःची खरखर २० डेसिबल, तर रोडच्या एनटी १ ची अवघी ४ डेसिबल आहे. कागदावर हे अंतर प्रचंड दिसते. पण रात्री पंखा बंद केल्यावरही साध्या घरातल्या खोलीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असतो, त्यामुळे ही शांतता विकत घेऊनही ती आपल्या खोलीत ऐकू येणार नाही. मुलगी एकटी गाणार असेल, किंवा आवाज आणि तानपुरा एवढेच मुद्रित करणार असेल, तर कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट पुरवणारा दोन चॅनेलचा इंटरफेस पुरेसा आहे. हेडफोन बंद पाठीचे घ्यावेत, म्हणजे त्यांतला आवाज माइकमध्ये झिरपत नाही. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. माइक, इंटरफेस, हेडफोन, स्टँड आणि केबल हे सर्व ४० हजारांच्या आत बसते.

वस्तू पारखण्याची कसोटी मात्र आपल्या गावातच आहे, आणि पत्र वाचताना मला सर्वांत जास्त उत्साह याचाच वाटला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगल्या जवारीच्या (घोडीवर तार घासून उमटणाऱ्या गुंजेच्या) तानपुऱ्यात एका तारेतून स्वरांची जी गर्दी उमटते, ती माइकची खरी परीक्षा घेते : एखादा माइक जवारी बोथट करतो, तर एखादा तिला काचेसारखी टोचरी करतो. दोन माइक तुलनेसाठी मिळाले, तर तेच वाद्य, तेवढ्याच अंतरावरून, त्याच जागी मुद्रित करावे आणि ऐकण्यापूर्वी दोन्ही मुद्रणांची पातळी सारखी करावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. दुकानातल्या बहुतेक चुकीच्या निवडी यामुळेच होतात. कोणते मुद्रण कोणत्या माइकचे, हे ऐकताना मुलीला ठाऊक नसावे. फाइलींना नावे आपण द्यावीत.

जुना इंटरफेस घेणार असाल, तर स्वतःचा लॅपटॉप, माइक आणि केबल घेऊन जावे, प्रत्येक इनपुटला ४८ व्होल्ट देऊन पाहावे आणि सर्व खटके व नॉब फिरवून खरखर होते का ते ऐकावे. आपल्या संगणकाच्या सध्याच्या प्रणालीसाठी निर्मात्याने ड्रायव्हर (संगणकाला उपकरण ओळखू देणारे सॉफ्टवेअर) दिला आहे का, हे घरूनच तपासावे. फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीचे कित्येक उत्तम इंटरफेस आज एवढ्याचसाठी पडून आहेत.

आता करिअरविषयी. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेतील आणि कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेतील ध्वनिविषयक तीन वर्षांचे अभ्यासक्रम पदवीधरांसाठी असल्याने बी.एस्सी. पूर्ण करणे आवश्यक आहे, आणि ते सोने तिथल्या शुल्कासाठी व राहण्याच्या खर्चासाठी लागू शकेल. मधल्या काळात तिने गावातल्या तंतुवाद्य कारागिरांना त्यांच्या वाद्यांचे नमुने मुद्रित करून द्यावेत. दूरच्या ग्राहकाला वाद्य ऐकवायचे असते, तेव्हा त्यांना अशा मुद्रणाचा उपयोग होतो. प्रत्येक मुद्रणासोबत माइकची जागा, अंतर आणि जाणवलेला दोष तिने वहीत लिहून ठेवावा. तीन महिन्यांनी ती वही आणि त्यांतली पाच मुद्रणे मला पाठवावीत. स्पीकर घ्यायचे की आणखी दोन पॅनेल करायची, हे तेव्हा ती मुद्रणे ऐकून ठरवू.