अख्खी कादंबरी आणि बाईला नावच नाही

प्रश्न: ताई, आमच्या दांडिया बाजारातल्या पाचसहा जणींनी भिशीसोबत पुस्तकं वाचायचं सुरू केलंय. ह्या महिन्यात डाफ्ने द्यु मोरिएची १९३८ सालची 'रिबेका' होती. बाकीच्या फिदा, पण मला ती सांगणारी मुलगी जाम डोक्यात गेली. सारखी घाबरते, नोकरांसमोर पण दबकून, आणि तिला साधं नावसुद्धा नाही. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, बडोदा

उत्तर: अगं नाही, पहिल्यांदा वाचताना मी पण वैतागले होते. पण तो फोन आठव. नवी नवरी नवऱ्याच्या मँडर्ले नावाच्या वाड्यात आलीये, फोन वाजतो, पलीकडून कोणी 'मिसेस डी विंटर?' विचारतं आणि ही म्हणते, चुकतंय तुमचं, त्या जाऊन वर्ष झालं. त्या म्हणजे नवऱ्याची पहिली बायको, रिबेका. आणि फोन करणारी कोण, तर घरातलीच हाउसकीपर मिसेस डॅन्व्हर्स! स्वतःच्या आडनावालाही ओ देता येत नाही तिला, मग नाव कुठून देणार. चिनी मातीची मूर्ती फुटली तर मालकीण असून तुकडे ड्रॉवरमध्ये मागे लपवते, आणि आळ येतो नोकरावर. (सासूबाईंचा कप फुटल्यावर मी पण हेच केलंय, असो.)

आणि एक बघ, रिबेका किती सुंदर, किती हुशार, हे ही पोरगी लोकांच्या अर्ध्यामुर्ध्या बोलण्यावरून मनातच रचते आणि आपण पण तिच्याबरोबर वाहवत जातो, कारण सांगायला दुसरं कोणी नाहीच ना. ती धीट असती तर पहिल्या आठवड्यात नवऱ्याला सरळ विचारलं असतं आणि कादंबरी तिथेच आटोपली असती.

ज्यांनी वाचली नाही त्यांनी पुढचं गाळा. नवरा कबूल करतो की रिबेकाला त्यानेच मारलं, आणि हिच्या डोक्यात काय, तर ह्याचं तिच्यावर प्रेम नव्हतंच! दुसऱ्या दिवशी बाई जेवणाचा मेन्यू बदलायला सांगते आणि डॅन्व्हर्सला ऐकवते की आता मिसेस डी विंटर मी आहे. तुला हवी तशी धीट झाली की नाही? मला तर तिची खरी भीती तिथेच वाटली. हिचकॉकच्या १९४० च्या सिनेमात तो खून अपघात करून टाकलाय, तेव्हाच्या सेन्सॉरमुळे, त्यामुळे तिथे ही धार जरा बोथटच होते.

पुढच्या भिशीला १९६४ चा 'कोहरा' लावा, ह्याच गोष्टीवरचा. डॅन्व्हर्सच्या जागी आपल्या ललिता पवार आहेत.