पाझर, गळती आणि रजिस्टरातला शेरा

प्रश्न : मी स्थापत्य डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात सीपेज, लीकेज, पर्कोलेशन, ब्लीडिंग असे शब्द येतात. इंग्रजी कथा वाचताना ऊझ, ट्रिकल, एक्झूड भेटतात. मराठीत 'पाणी गळतंय' म्हटलं की सगळ्यांचं भागतं. मग हे वेगवेगळे लक्षात कशाला ठेवायचे? – एक विद्यार्थी, कराड

उत्तर : भागतं ते घराच्या पत्र्याखाली. धरणाच्या पायथ्याला भागत नाही. मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीतली बरीच वर्षं सातारा जिल्ह्यातल्या मातीच्या धरणांवर काढली. त्यामुळे उत्तर त्या अंगानं झुकलेलं असणार, हे धरून चला.

मातीच्या धरणाला पाझर असतोच. मध्ये काळ्या मातीचं हार्टिंग म्हणजे पाणी अडवणारा गाभा, बाहेरून मुरमाचं केसिंग म्हणजे आवरण, आणि पाणी कणाकणांतून वाट काढत खालच्या अंगाला येतं. हे सीपेज. ते डिझाइनमध्येच धरलेलं असतं. त्यासाठीच फिल्टर (माती अडवून पाणी सोडणारा वाळूचा थर), रॉक टो (पायथ्याची दगडी रास) आणि टो ड्रेन (पायथ्याचा चर) असतात. लीकेजला मात्र जागा असते : भेग, सांधा, गेटचं झिजलेलं रबर सील. पाणी येतंय तिथं बोट ठेवता आलं तर लीक, नुसता हात फिरवून ओल लागली तर सीप, असं मी नव्या पोरांना सांगायचो. तोंडी परीक्षेत हे चालेल की नाही ठाऊक नाही, साइटवर चालतं.

टो ड्रेनच्या तोंडाशी व्ही नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच, बसवलेली असते. नव्वद अंशांच्या खाचेवर पाच सेंटिमीटर पाणी असेल, तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाझर आहे. तेच दहा सेंटिमीटर झालं की साडेचार लिटरच्या जवळ जातं. म्हणजे पट्टीवर दुप्पट, प्रवाहात साडेपाच पटींहून जास्त. म्हणून चौकीदारानं 'थोडं वाढलंय' लिहिलं की मी रजिस्टर परत करायचो. थोडं म्हणजे किती? तलावाची पातळी त्या दिवशी काय होती? धरण भरत असताना पाझर वाढला तर साहजिक आहे. पातळी उतरत असताना वाढला तर झोप उडाली पाहिजे.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याचा रंग. काचेच्या बाटलीत ते पाणी भरून चौकीच्या खिडकीत रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी गाळ नसला तर धीरानं घ्यायचं, पण मोजणं सोडायचं नाही. माती बसली, तर धरण आतून वाहून जातंय. याला पायपिंग म्हणतात : पाणी माती घेऊन निघतं आणि आत नळीसारखी पोकळी मागं मागं सरकत जाते. अमेरिकेत आयडाहो राज्यात टेटन नावाचं मातीचं धरण पहिल्यांदाच भरत होतं. ३ जून १९७६ ला खालच्या बाजूला स्वच्छ पाण्याचे बारीक पाझर दिसले. ५ जूनला सकाळी गढूळ पाणी सुरू झालं. भोक बुजवायला दोन बुलडोझर लावले, ते त्या भोकातच गेले, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. ११ माणसं मेली. स्वच्छ ते गढूळ हे अंतर दोन दिवसांचं होतं. आता सांगा, दोन्हीला 'गळतंय' लिहून चालेल का?

काँक्रीटचं वेगळं. आपल्या कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात भेगा पडल्या, त्या मुख्यतः खालच्या बाजूचा उतार जिथं बदलतो त्या पातळीला. तिथून आलेलं पाणी लीकेजच म्हणायचं. भेगांत इपॉक्सी भरलं, पुढं धरणाला मागून टेकू देऊन जाड केलं. पण दगडी किंवा काँक्रीट धरणाच्या मागच्या अंगाला नुसता दमटपणा असला, थेंब ओघळत नसला, तर आम्ही स्वेटिंग म्हणायचो. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात, म्हणजे गॅलरीत, उतरलात तर भिंतीवर पांढरे ओघळ दिसतील. तो चुना आहे. पाण्यानं काँक्रीटमधून विरघळवून बाहेर आणलेला. त्याला लीचिंग.

ब्लीडिंग गळतीत मोडतच नाही. स्लॅब ओतल्यावर खडी आणि सिमेंट खाली बसतं, पाणी वर येतं, ते ब्लीडिंग. ते पाणी असतानाच थापी फिरवणारा गवंडी पुढं धूळ सुटणारी जमीन देतो. मे महिन्यात रस्त्यावर डांबर वर येऊन चकाकतं, त्यालाही हाच शब्द.

कथेतले शब्द सोपे आहेत. ऊझ हे घट्ट आणि संथ : बाभळीचा डिंक, चिघळलेल्या जखमेतला पू, गाळ. पाण्याला तो क्वचित लावतात. ट्रिकल म्हणजे बारीक पण न तुटणारी धार, ड्रिप म्हणजे सुटे थेंब. एक्झूड हे घाम किंवा चीक अंगातून सुटावा तसं. माणसाचा आत्मविश्वासही इंग्रजीत 'एक्झूड' होतो. परीक्षेत नाही विचारणार.

पर्कोलेशन राहिलंच. त्याची दिशा खाली. १९७२ च्या दुष्काळानंतर माण-खटावात रोजगार हमीवर पाझर तलाव झाले, ते यासाठीच. 'तलावात पाणीच टिकत नाही' अशी तक्रार घेऊन लोक यायचे. खालच्या विहिरींना पाणी वाढलं असेल तर तलावानं काम केलं, असं सांगितलं की नाराज होऊन जायचे.

प्रश्न : आमची नदीकाठची दोन एकर ऊसजमीन क्षारपड झाली आहे. वर पांढरा थर येतो. 'भरपूर पाणी देऊन लीचिंग करा' असा सल्ला मिळाला. करावं का? – एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : आधी निचरा, मग लीचिंग. मीठ पाण्यात विरघळून खाली जाईल हे खरं, पण खालून त्याला बाहेर जायला वाट नसेल तर पाण्याची पातळी आणखी वर येते आणि ऊन पडलं की तेच मीठ परत वर बसतं. जमिनीखाली मीटर-सव्वा मीटरवर फिल्टर गुंडाळलेल्या सच्छिद्र पाइपा टाकाव्या लागतील. त्याही आधी मातीपरीक्षण करून घ्या. जमीन नुसती क्षारयुक्त आहे की चोपण (सोडियम वाढलेली), हे त्यात कळेल. चोपण असेल तर जिप्समशिवाय पाणी आत शिरणारच नाही. धैंचा किंवा ताग ही हिरवळीची पिकं गाडल्याचा उपयोग होतो. आणि पाइपांचं पाणी कुठल्या ओढ्याला सोडणार हे शेजाऱ्यांशी बसून ठरवा. एकट्याच्या दोन एकरांत हे जमत नाही.

प्रश्न : घरामागच्या संरक्षक भिंतीतल्या पाइपांच्या तुकड्यांतून पावसाळ्यात पाणी येतं. सिमेंटनं बंद करू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात नको. ते वीप होल आहेत, मागच्या मातीतलं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेले. बंद केलेत तर सगळा दाब भिंतीवर येईल. उलट पाऊस सुरू व्हायच्या आत सळई घालून त्यातली माती, पालापाचोळा काढा. ज्यातून पावसाळाभर एक थेंब आला नाही, तो पाइप आधी तपासा.