समुद्रतळावरचा व्हॉल्व्ह कोण दुरुस्त करणार?

प्रश्न : माझा मुलगा महापे येथील एका अभियांत्रिकी कार्यालयात खोल समुद्रातील वायुक्षेत्राच्या सामग्रीचे आराखडे करतो. मुंबई हायमध्ये व्हॉल्व्ह प्लॅटफॉर्मवर, माणसाच्या हाताशी असतात. मग ते समुद्रतळावर का बसवायचे, आणि एखादा बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार?
— एक वाचक, वाशी

उत्तर : मुंबई हायमध्ये पाणी साधारण ७५ मीटर खोल असल्यामुळे तळावर पोलादी पाय रोवून प्लॅटफॉर्म उभा करणे परवडते. काकिनाड्यासमोरील ‘आर-क्लस्टर’ या वायुक्षेत्रात, जेथून डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन सुरू झाले, पाण्याची खोली २,००० मीटरांहून अधिक आहे. तेथे असे पाय रोवणे शक्य नसल्याने विहिरीच्या तोंडावरील व्हॉल्व्हांचा संच, म्हणजेच ‘ख्रिसमस ट्री’, तळावरच बसवावा लागतो. विहिरींचा वायू मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे अनेक विहिरींचे पाइप जोडणाऱ्या सांगाड्यात, एकत्र करून सुमारे ६० किलोमीटरवरील उथळ पाण्यातल्या प्लॅटफॉर्मकडे आणि तेथून किनाऱ्यावर नेला जातो.

दुरुस्तीसाठी माणूस खाली जात नाही. पाणबुडे व्यवहारात ३०० मीटरांच्या आसपासपर्यंतच काम करतात, आणि येथे तर दाब वातावरणाच्या दोनशेपट असतो. त्यामुळे जहाजावरून केबलद्वारे चालवले जाणारे ‘आरओव्ही’ हे यंत्र उतरवतात. त्याच्या कॅमेऱ्याला काळोखात दिसावे म्हणून सांगाडे पिवळे रंगवतात, व्हॉल्व्हांच्या खुणा ठळक अक्षरांत लिहितात आणि यंत्राच्या हातातील पाना नेमका बसेल अशा ठरावीक मापाच्या खोबणी ठेवतात. मात्र बिघडलेला भाग तेथे उघडला जात नाही. कंट्रोल मॉड्यूल (व्हॉल्व्हांना आज्ञा देणारा भाग) किंवा चोक (वायूचा प्रवाह कमी-जास्त करणारा भाग) सुटा काढून वर आणतात व दुसरा बसवतात. संपूर्ण ट्री उचलायचा झाल्यास मोठे जहाज लागते आणि खर्च फार वाढतो. म्हणून कोणता भाग सुटा निघावा, हे आराखड्याच्या टप्प्यावरच ठरवणे यातच या कामाचे कौशल्य आहे, असे आम्हांस वाटते. ट्रीवरील मुख्य सुरक्षा व्हॉल्व्ह हायड्रॉलिक द्रवाच्या दाबाने उघडे राहतात. दाब गेला की स्प्रिंग ते आपोआप बंद करते.

आपण विचारले नसले तरी खरी डोकेदुखी व्हॉल्व्हपेक्षा वायूबरोबर येणाऱ्या पाण्याची असते. तळाशी तापमान चार अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने दाबाखालील वायू व पाणी मिळून बर्फासारखा घन पदार्थ, म्हणजे हायड्रेट, तयार होतो आणि तो पाइपलाइन तुंबवू शकतो. त्यावर उपाय म्हणून विहिरीपाशीच ग्लायकोल हे हायड्रेट होऊ न देणारे रसायन सोडतात; पुढे प्रकल्पात ते पाण्यापासून वेगळे करून पुन्हा विहिरीकडे पाठवता येते.