शेजारच्या लेनमधली माणसं

पत्र : ताई, मी ५२ वर्षांची. वर्षभरापूर्वी बदली होऊन नव्या शहरात आले. मुलगा शिकायला दूर, घरी मी एकटी. चार ओळखी होतील म्हणून एअर पिस्तूलच्या क्लबात नाव घातलं. चार महिने झाले. वेळ मिळेल तसं जाते, चाळीस छर्रे मारते, पिस्तूल पुसून ठेवते, परत येते. शेजारच्या लेनमध्ये कोण असतं, त्याचं नावही मला माहीत नाही. बहुतेक सगळी कॉलेजची पोरं. ओळखी राहिल्या बाजूला, नेम तेवढा सुधारला! संध्याकाळी घर खायला उठतं. बहीण म्हणते, बंदुका कसल्या चालवतेस, गाण्याच्या क्लासला जा. सोडून देऊ का?
– कोपऱ्यातली लेन

उत्तर : कोपऱ्यातल्या लेनबाई,

'नेम तेवढा सुधारला' हे तुम्ही रडगाणं म्हणून लिहिलंय, मी मात्र वाचून खूश झाले. १० मीटरवरच्या पिस्तुलाच्या टार्गेटमध्ये दहा गुणांचं, मधलं वर्तुळ असतं ११.५ मिलिमीटरचं. फार तर नखाएवढं. एका हातावर पिस्तूल तोलून त्याच्या आसपास पोचलात हे थोडं आहे का?

मीही काही वर्षं एका छोट्या क्लबात रायफल धरली आहे. पदक एकही नाही. सुरुवातीला मलाही वाटायचं, काय शिष्ट माणसं आहेत ही! हळूहळू उमगलं की कानावर आवाज रोखणारे मफ आणि नजर नेम धरायच्या साइटवर असलेल्या माणसाशी बोलायला जाणं हाच तिथे आगाऊपणा असतो. लाइनवर शांतता पाळतात ती एकमेकांसाठी. आणि खरं सांगू, कोपऱ्यात चाळीस छर्रे मारून निमूट निघून जाणारी बाई त्यांनाही शिष्टच वाटत असणार.

बोलणं होतं ते लाइनच्या मागे. पिस्तूल रिकामं करून त्यात ते रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घातला, ते खाली ठेवलं आणि माणूस दोन पावलं मागे सरला, की तो गप्पांना मोकळा. शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे असतात, त्यामुळे बेसिनपाशी सगळेच येतात. माझी पहिली मैत्रीण मला तिथेच भेटली. सगळ्यात चांगली जागा मात्र कागदी टार्गेटचे गुण मोजायचं टेबल. छर्रा जास्त गुणांच्या वर्तुळाच्या रेषेला नुसता शिवला तरी ते जास्तीचे गुण मिळतात. मग शिवला की नाही, यावर दोन डोकी एका कागदावर वाकतात. 'नऊ आहे हो', 'छे, दहा!' तुम्ही एकदाच कार्ड पुढे करून विचारा, 'हा रेषेला लागलाय का बघता?' एवढं विचारलं तरी पुरे. नेमबाजाला दुसऱ्याच्या कार्डावरच्या भोकाबद्दल मत नाही असं होत नाही.

वेळ मिळेल तसं जाणं आधी बंद करा. आठवड्याचे दोन दिवस आणि त्यांची वेळ पक्की करा. त्या वेळेला येणारी चार-पाच माणसं दर वेळी तीच असतात, आणि महिन्याभरात तुम्ही नसलात की त्यांना चुकल्यासारखं होतं. क्लबात छोटी स्पर्धा असली की खेळायची भीती वाटली तरी जा. नावं लिहून घ्यायला, कार्डं वाटायला, गुण टिपायला माणसं कायम कमी पडतात. एका दुपारीत तुम्हाला सगळ्यांची नावं कळतील, त्यांना तुमचं.

कॉलेजच्या पोरांचं म्हणाल, तर या खेळात सोळा वर्षांचा पोरगा आणि साठीचे काका एकाच लाइनवर उभे राहतात. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये सांघिक नेमबाजीत रौप्यपदक मिळवलं, तेव्हा त्यांचं वय ७२ होतं. म्हणजे तुमच्या हाती अजून वीस वर्षं आहेत! पोरांशी बोलताना एकच पथ्य : विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत कोणी जवळचं वाटलं नाही, तर नेमबाजी सोडू नका, प्रकार बदलून बघा. जवळपास ट्रॅपची रेंज असेल तर एकदा जाऊन या. तिथे सहा जणांची तुकडी पाच जागांवर आळीपाळीने फिरत उडत्या चकत्या मारते. एकटं राहायची सोयच नाही. मात्र नळी कुठेही वळवत हसणारी, बायकांना शिकवण्याच्या निमित्ताने हात धरणारी किंवा खेळापेक्षा हत्याराचीच मिजास मिरवणारी माणसं दिसली, तर त्या क्लबाला पहिल्याच दिवशी रामराम करा.

आता 'घर खायला उठतं' याबद्दल. हे नुसतं एकटेपण असेल तर वर लिहिलंय ते पुरेल. पण झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर तसं आजच बहिणीला आणि डॉक्टरांना सांगा, आणि बरं वाटेपर्यंत हत्यारापासून लांब राहा. क्लबात कोचला नुसतं 'सध्या येत नाही' म्हटलंत तरी चालतं, कारण द्यावं लागत नाही. तुमच्या पत्राच्या सुरावरून तसं वाटत नाही, तरी विचारल्यावाचून राहवेना.

बहिणीला एकदा सोबत न्या. लाइनच्या मागे बसवून तासभर बघू द्या. 'बंदुका' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं तिथे काहीच दिसणार नाही. दिसतील श्वास सांभाळत उभी असलेली, कमालीची कंटाळवाणी माणसं. गाण्याचा क्लास हवा तर तिने लावावा.

आणि हो, गुण मोजताना वाद झालाच तर गेज, म्हणजे छर्रा रेषेला शिवला का हे भोकात घालून तपासायचं साधन, घालायला अनुभवी माणसाकडे द्या. ते एका भोकात एकदाच घालतात. नवख्या हाताने भोक मोठं झालं, तर झालेली ओळख तिथेच मोडायची.

– तुमची ताई