डिस्नीलँडची आगगाडी : इंजिनं खरी की देखाव्याची?

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमधली वाफेची गाडी खरोखर वाफेवर चालते का? तिची इंजिनं जुनी आहेत का?

उत्तर : हो, वाफ अगदी खरी आहे. वय मात्र प्रत्येक इंजिनाचं वेगळं. १७ जुलै १९५५ला उद्यान सुरू झालं, तेव्हाची पहिली दोन इंजिनं नवी कोरी होती. वॉल्ट डिस्ने यांच्या घरामागच्या बागेत सव्वासात इंच रुंदीच्या रुळांवर धावणारं ‘लिली बेल’ हे छोटं वाफेचं इंजिन होतं. त्याचेच आराखडे मोठे करून ही दोन इंजिनं घडवली. दोन रुळांमधलं अंतर ३ फूट, म्हणून आकार खऱ्या गाडीच्या साधारण पाच-अष्टमांश. नंतरची तीन इंजिनं बाल्डविन या अमेरिकी इंजिन-कारखान्याची, खरीखुरी राबलेली : १८९४चं १९५८ला आलं, १९२५चं १९५९ला आणि १९०२चं थेट २००५ला. आमच्या मते खरा ऐवज हाच.

भट्टीत कोळसा नसतो, तेल असतं, आता बायोडिझेल. वाफेच्या झोताने तेलाचा बारीक फवारा उडवावा लागतो. तेल जास्त आणि हवा कमी झाली, की लगेच काळा धूर निघतो, नळ्यांत काजळी धरते आणि वाफ कमी पडते. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवर तर सतत डोळा हवा. पातळी भट्टीच्या छताखाली गेली, तर उघडं पडलेलं लोखंड तापून मऊ होतं आणि आतल्या दाबाने बॉयलर फुटू शकतो.