बाबा गॅलरीत विणतात, त्यात लाजायचं काय?

नमस्कार,

तुमचं पत्र सावकाश वाचलं. आयुष्यभर एसटीत कंडक्टर, मग निवृत्ती, पाठोपाठ हृदयाचं दुखणं, आणि दवाखान्यातून घरी आल्यापासून झोप उडालेली. दिवसभर करमेना म्हणून बायकोने हातात दोन सुया दिल्या, टाके घालायला शिकवले. संध्याकाळी गॅलरीत विणत बसलं की जीव थाऱ्यावर येतो, असं तुम्ही लिहिता. पण पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "बाबा, हे आत बसून करा, सोसायटीतले हसतात." तेव्हापासून लोकरीची पिशवी कपाटात आहे. पत्राच्या शेवटी संकोचून आणखी एक खंत लिहिलीत : "मी नुसतं बघून उतरवतो, माझ्या डोक्यातून काहीच येत नाही."

पिशवी आजच बाहेर काढा. आणि गॅलरीतच बसा.

तुमचे हात इतकी वर्षं रिकामे कधी होते? चिमटा, सुटे पैसे, घंटीची दोरी, सतत काहीतरी चालूच. ते सगळं एका दिवसात थांबलं आणि वर आजारपण आलं. विणताना त्या हातांना पुन्हा काम मिळतं. सुई टाक्यात घालायची, धाग्याचा वळसा घ्यायचा, तो ओढून घ्यायचा, जुना टाका खाली सोडायचा. एवढंच, पण तेवढं लक्ष द्यावंच लागतं. त्यामुळे काळजीला मनात पसरायला जागा उरत नाही, आणि डोक्यावर ताणही येत नाही. शिवाय चुकलं तर उसवता येतं, लोकर वाया जात नाही. दुखण्यातून उठलेल्या माणसाला असं काम फार मानवतं.

झोपेचं मात्र डॉक्टरांना सांगा. हृदयाच्या दुखण्यानंतर मन खचणं नेहमीचं आहे आणि त्यावर उपाय असतात. रात्री जीव फारच घाबरा झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदत करणारा सरकारी फोन चोवीस तास चालू असतो. सुया औषधाच्या सोबतीला, औषधाच्या जागी नाहीत.

आता लोकांच्या हसण्याचं. तुम्ही साताऱ्याचे. माण तालुक्यात जाऊन बघा, घोंगडीच्या मागावर सनगर समाजातले पुरुषच बसत आले. चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेला ताणा आणि त्यावर दिवस दिवस चालणारं काम. त्याला कुणी बायकी म्हणत नाही. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कळपामागे चालता चालता तकलीवर लोकर कातत. आणि पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे, तिथे सुयांवरचं विणकाम हे पुरुषांचंच काम. पोरं लहानपणीच शिकतात, आपापल्या टोप्या विणतात. युनेस्कोने २००५ मध्ये त्या बेटाच्या वस्त्रकलेचा मान केला. हे मुलाला ऐकवून गप्प करा असं मी म्हणत नाही. तुम्ही खाली मान घालू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

मुलाशी मात्र सरळ बोला. मला वाटतं त्याला लाजेपेक्षा भीती जास्त आहे. खाकी कपड्यात गाडीभर माणसं सांभाळणारा बाप असा शांत बसलेला त्याने कधी पाहिला नाही. "मला यानं बरं वाटतं, रात्री थोडी झोप लागते," हे तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या. घाईघाईने त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेऊ नका. तो आपणहून मागेल तेव्हा बघू.

"डोक्यातून काही येत नाही" हे मला पटत नाही. ज्याला गाडीत कोण कुठे चढलं आणि कुठे उतरणार हे पाठ असायचं, त्याच्या डोक्यात भरपूर आहे. एक मफलर विणा, वाई ते महाबळेश्वर. वाईला कृष्णेच्या घाटाचा काळसर दगड, पसरणी घाटातलं उन्हाळ्यातलं पिवळं गवत, पाचगणीच्या पठाराची लाल माती, सिल्व्हर ओकच्या झाडांचा राखी हिरवा, पुढे स्ट्रॉबेरी आणि महाबळेश्वरचं धुकं. कोणता रंग किती ओळी, हे गाडीला लागणाऱ्या वेळावरून ठरवा. पाचगणी ते महाबळेश्वर अंतर जास्त, तो पट्टा रुंद येईल. घाटात वळणं आहेत, तिथे साधी वीण सोडून दोन सुलट दोन उलट घ्या आणि दर चार ओळींनी एक टाका सरकवा, म्हणजे रेघा तिरक्या जातील. थांबे कुठे दाखवायचे, कसे दाखवायचे, ते मी सांगणार नाही. तो रस्ता तुमचा आहे.

आधी वीस टाक्यांचा छोटा नमुना विणून बघा. तुमचा हात घट्ट आहे की सैल ते त्यातच कळेल, आणि मफलरला किती टाके लागतील तेही. दर अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून खांदे मोकळे करा.

बाजारात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. शिकायला ती चांगली, स्वस्त आणि रंगही भरपूर. खरी कोणती हे बघायचं तर छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळा : खरीला केस जळल्याचा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते, ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते. या मफलरसाठी परवडलं तर खरी लोकर घ्या, पण धुताना गरम पाणी आणि मशीन दोन्ही नको. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते चोळण्याने एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं. गार पाण्यात, हलक्या हाताने, न पिळता धुवा आणि आडवं पसरून वाळवा.